डोरिस फिट्शेन : बचावफळीतील पंधरा वर्षे



फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तान्त दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो, तेव्हा गोल कोणी केला हे त्यात ठळकपणे छापलेले असते. गोल होऊ कोणी दिला नाही, याचा उल्लेख बहुधा नसतो. आपल्याकडे कबड्डीत पकड केली की गुण मिळतो आणि चढाई करणाऱ्याइतकेच पकड करणाऱ्याचेही नाव होते. फुटबॉलने ती सोय ठेवलेली नाही. प्रतिपक्षाचा हल्ला नव्वद मिनिटे थोपवून धरणारा बचावपटू फलकावर कोठेच दिसत नाही. एकदा चुकला, तर मात्र सर्वांना दिसतो.

आजच्या भाषणाचा विषय अशाच एका बचावपटूची कारकीर्द हा आहे. डोरिस फिट्शेन हे त्यांचे नाव. प्रथम पश्चिम जर्मनीच्या आणि पुढे एकीकृत जर्मनीच्या महिला संघातून त्या १९८६ ते २००१ अशी पंधरा वर्षे खेळल्या. १४४ आंतरराष्ट्रीय सामने, चार युरोपीय विजेतेपदे आणि एक ऑलिंपिक कांस्यपदक अशी त्यांची कमाई आहे. ही यादी मोठी आहे खरी, तथापि केवळ यादी वाचून दाखविण्यासाठी हा विषय निवडलेला नाही. ज्या संस्थेने त्यांच्या जन्माच्या वेळी स्त्रियांना मैदान नाकारले होते, त्याच संस्थेत त्यांनी पुढे जबाबदारीची पदे सांभाळली. एखादा अन्यायकारक नियम कागदावरून पुसला जातो त्या दिवसापासून, तो लोकांच्या मनातून आणि संस्थेच्या व्यवहारातून पुसला जाईपर्यंत किती काळ लोटतो, आणि त्या मधल्या काळाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे या कारकिर्दीवरून चांगले कळून येते.

तेव्हा आरंभ त्या नियमापासूनच केला पाहिजे. जुलै १९५५ मध्ये पश्चिम बर्लिन येथे जर्मन फुटबॉल महासंघाचे अधिवेशन भरले होते. त्यात एक ठराव संमत झाला. संलग्न क्लबांनी महिलांचे संघ काढू नयेत, महिलांच्या सामन्यांसाठी आपली मैदाने देऊ नयेत, आणि महासंघाच्या पंचांनी अशा सामन्यांत काम करू नये, असा त्या ठरावाचा आशय होता. हा झुंजीचा खेळ स्त्रीच्या प्रकृतीला मानवणारा नाही, त्याने तिच्या शरीराला व मनाला इजा पोहोचते आणि मर्यादेचाही भंग होतो, अशी कारणे त्या वेळी देण्यात आली. वैद्यकशास्त्राचा आधार असल्याचा आव त्यात होता. आधार मात्र नव्हता. ठरावाची भाषा सभ्य होती आणि तो एकदा इतिवृत्तात नोंदला गेल्यावर पंधरा वर्षे कोणी त्याला हात लावला नाही. प्रशासनाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

स्त्रिया मात्र खेळत राहिल्या. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये एसेन येथे पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स या देशांतील महिलांचा एक अनधिकृत सामना झाला, त्याला सुमारे १८,००० प्रेक्षक लोटले. अशा सामन्यांना महासंघाची मैदाने मिळत नसत. नगरपालिकेच्या अथवा एखाद्या खाणीच्या मालकीच्या मैदानावर ते घेतले जात. अखेरीस स्त्रिया आपला वेगळाच महासंघ काढतील अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा ३१ ऑक्टोबर १९७० रोजी ही बंदी मागे घेण्यात आली. मागे घेताना अटी घातल्या गेल्या त्याही उद्बोधक आहेत. हिवाळ्यात दीर्घ विश्रांती सक्तीची, तळाला खुंट्या असलेले बूट वर्ज्य, चेंडू हलका आणि सामन्याची वेळ पुरुषांपेक्षा कमी. दार उघडले, पण उंबरठा उंच ठेवला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

डोरिस फिट्शेन यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९६८ रोजी लोअर सॅक्सनी प्रांतातील त्सेवेन या लहानशा गावी झाला. ब्रेमेन आणि हँबुर्ग या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध हा शेतीचा, सपाट मुलूख पसरलेला आहे. बंदी उठली तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या; म्हणजे बंदी त्यांनी स्वतः अनुभवली नाही. त्यांनी अनुभवला तो बंदीनंतरचा काळ, आणि तो काही सोपा नव्हता. महिलांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७४ साली झाली, परंतु देशाचा असा महिला संघच नव्हता. १९८१ साली तैवानमधील एका जागतिक स्पर्धेचे निमंत्रण आले. पाठवायला राष्ट्रीय संघ नाही, म्हणून बेर्गिश ग्लाडबाख या एका क्लबच्या मुली गेल्या. प्रवासाचे पैसे त्यांनी स्वतःच्या खटपटीने उभे केले आणि स्पर्धा जिंकून त्या परत आल्या. त्यानंतर मात्र महासंघाला फार काळ स्वस्थ बसता आले नाही. १० नोव्हेंबर १९८२ रोजी कोब्लेंट्स येथे पश्चिम जर्मनीचा महिला संघ स्वित्झर्लंडविरुद्ध पहिला अधिकृत सामना खेळला व ५-१ असा जिंकला. त्या दिवशी सिल्विया नाइड नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीने दोन गोल केले. या नावाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

फिट्शेन यांनी खेळायला सुरुवात केली ती हेझेडोर्फ या खेडेगावच्या संघातून. खेड्यातील क्लबाची एक गोष्ट चांगली असते : तेथे माणसे थोडी असतात, म्हणून जो खेळेल तो हवा असतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, १९८६ साली, त्यांची देशाच्या संघात निवड झाली. संघ त्या वेळी अवघा चार वर्षांचा होता आणि प्रशिक्षक गेरो बिसान्त्स हे त्याची जुळवाजुळव करीत होते. १९८८ मध्ये फिट्शेन मोटारींच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या वोल्फ्सबुर्ग येथील क्लबात दाखल झाल्या.

त्या कोणत्या जागी खेळत, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. कारण ती जागा आता फुटबॉलमधून जवळजवळ नाहीशी झाली आहे. तिला ‘लिबेरो’ म्हणत. हा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ मुक्त असा होतो. बचावफळीतील इतर खेळाडूंना प्रतिपक्षाचा एकेक आघाडीचा खेळाडू नेमून दिलेला असे, आणि त्याच्या पाठीस लागून राहणे हे त्यांचे काम. लिबेरोला कोणीच नेमून दिलेला नसे. त्याने सर्वांच्या मागे, गोलरक्षकाच्या पुढे उभे राहावयाचे आणि पुढचा कोणी चुकला की ती चूक निस्तरावयाची. चेंडू आत्ता कोठे आहे यापेक्षा तो तीन पळांनी कोठे असेल हे त्याला आधी समजावे लागते. शिवाय सर्वांच्या मागे असल्यामुळे संपूर्ण मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असते. म्हणून चेंडू हाती आला की पुढच्या चढाईचा आरंभही त्यानेच करावयाचा. १९७४ च्या विश्वविजेत्या पश्चिम जर्मन संघाचे कर्णधार फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी ही जागा गाजविली होती. महिलांच्या संघात ती फिट्शेन यांनी सांभाळली. धिप्पाड शरीर किंवा विलक्षण वेग यांवर येथे काम भागत नाही. येथे डोके शांत असावे लागते. लिबेरोला घाई झाली की संपूर्ण संघाला घाई होते. बचावात खेळूनही त्यांच्या नावावर देशासाठी १६ गोल आहेत, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

आता १९८९ च्या उन्हाळ्याकडे वळू. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचे अंतिम टप्प्यातील सामने पश्चिम जर्मनीत झाले. २८ जून रोजी जीगेन येथे इटलीविरुद्ध उपांत्य सामना होता. जर्मन दूरचित्रवाणीवर महिलांचा संपूर्ण सामना थेट दाखविला गेला तो हा पहिलाच. जादा वेळेनंतरही १-१ अशी बरोबरी राहिली आणि निकाल पेनल्टी फटक्यांवर गेला. गोलरक्षक मारियोन इस्बर्ट यांनी इटलीचे तीन फटके अडविले आणि निर्णायक फटका स्वतःच मारून सामना जिंकून दिला. घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांनी हे पाहिले. चार दिवसांनी, २ जुलै रोजी, ओस्नाब्रुकच्या मैदानावर अंतिम सामन्यासाठी सुमारे २२,००० लोक जमले. प्रतिपक्ष होता नॉर्वे, तत्कालीन युरोपीय विजेता. उर्सुला लोन यांनी दोन आणि हायडी मोर व आंगेलिका फेरमान यांनी प्रत्येकी एक गोल करून पश्चिम जर्मनीला ४-१ असा विजय मिळवून दिला. वीस वर्षांच्या डोरिस फिट्शेन स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरल्या. चार गोल करणाऱ्या संघातून हा मान एका बचावपटूकडे जावा, ही गोष्ट त्या खेळाच्या जाणकारांनाही विचार करावयास लावणारी होती.

या विजयाबद्दल महासंघाने प्रत्येक खेळाडूला बक्षीस दिले. ते होते कॉफीच्या कपबश्यांचा एक संच! पांढऱ्या चिनी मातीचा, त्यावर फुलांची नक्षी काढलेला. देणाऱ्यांचा हेतू वाईट असेलच असे नाही. कदाचित कोणा कार्यालयीन मंडळींनी, स्त्रियांना काय द्यावे असा विचार करून, सद्भावनेनेच ते निवडले असेल. पण नेमके तेथेच सारे दडलेले आहे. बंदीचा ठराव रद्द होऊन एकोणीस वर्षे झाली होती, आणि तरीही युरोप जिंकून आलेला संघ डोळ्यांपुढे आणल्यावर निवड करणाऱ्यांच्या मनात आले ते स्वयंपाकघर. जर्मनीत ही कपबश्यांची कथा पुढे म्हणीसारखी झाली. खेळाडू ती सांगताना बहुधा हसतच सांगतात. तुलनेसाठी एकच आकडा पुरे : २०२२ च्या युरोपीय स्पर्धेपूर्वी त्याच महासंघाने विजेतेपद मिळाल्यास प्रत्येक खेळाडूला ६०,००० युरो देण्याचे मान्य केले होते. त्या वर्षी जर्मनीला अंतिम सामन्यात इंग्लंडकडून हार पत्करावी लागली, हा भाग निराळा.

१९८९ च्या यशाचा एक परिणाम लगेच दिसून आला. १९९० मध्ये महिलांसाठी राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, उत्तर व दक्षिण अशा दोन गटांत. एकच सलग गट होण्यास १९९७ साल उजाडावे लागले. दरम्यान १९९१ मध्ये डेन्मार्कमधील आल्बोर्ग येथे जादा वेळेत नॉर्वेला ३-१ असे हरवून जर्मनीने, आता एकीकृत जर्मनीने, युरोपीय विजेतेपद राखले. त्याच वर्षी चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. त्या स्पर्धेत सामना नव्वद मिनिटांऐवजी ऐंशी मिनिटांचाच असे. स्त्रियांना उरलेली दहा मिनिटे झेपतील की नाही, अशी शंका अद्याप शिल्लक होती.

१९९२ मध्ये फिट्शेन जीगेनच्या क्लबात गेल्या. तेथे त्यांना १९९३ चा राष्ट्रीय चषक आणि १९९४ व १९९६ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली. सिल्विया नाइड याही त्याच संघात होत्या. १९९६ पासून त्या फ्रँकफर्टमध्ये खेळू लागल्या. तेथील महिला संघाने १९९८ मध्ये आपल्या मूळ क्लबातून बाहेर पडून केवळ महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र क्लब स्थापन केला, ही घटना महत्त्वाची आहे. इतर क्लबांत महिलांचा विभाग हा अनेक विभागांपैकी एक असे आणि अंदाजपत्रकात त्याचा क्रमांक शेवटी लागे. येथे जमा आणि खर्च दोन्ही महिलांच्या संघाचे होते. या क्लबाने १९९९ व २००१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद, तर १९९९, २००० आणि २००१ असे लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय चषक जिंकला.

देशाच्या संघात १९९६ पासून टीना टॉयने-मायर या मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी ओस्लो येथे इटलीला २-० असे नमवून जर्मनी पुन्हा युरोपीय विजेता झाला आणि फिट्शेन यांचे ते तिसरे विजेतेपद होते.

विश्वचषक मात्र त्यांच्या हाती कधीच आला नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील स्पर्धेत जर्मनीची गाठ उपान्त्यपूर्व फेरीतच यजमानांशी पडली. मध्यंतराला जर्मनी २-१ असा पुढे होता; उत्तरार्धात दोन गोल स्वीकारून तो ३-२ असा हरला. संघ घरी परतला, तरी स्पर्धेअखेर निवडण्यात आलेल्या उत्तम खेळाडूंच्या यादीत फिट्शेन यांचे नाव होते. पुढच्या वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये बचावपटूच्या नशिबाचा आणखी एक नमुना पाहावयास मिळाला. नॉर्वेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जर्मनीचा खेळ सरस होता. सुमारे दहा मिनिटे उरली असता जर्मनीच्याच एका बचावपटूकडून चेंडू स्वतःच्या गोलात गेला आणि तेवढ्यावर सामना गमावला. अशा पराभवानंतर तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यासाठी मन पुन्हा बांधणे कठीण असते. २८ सप्टेंबर २००० रोजी जर्मनीने ब्राझीलला २-० असे हरवून कांस्यपदक मिळविले. बचावफळीने त्या दिवशी एकही गोल होऊ दिला नाही.

२००१ हे त्यांच्या खेळाचे अखेरचे वर्ष. त्या वर्षी अमेरिकेत महिलांची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. खेळण्याबद्दल नियमित वेतन देणारी जगातील ही पहिली अशी स्पर्धा. फिट्शेन फिलाडेल्फियाच्या संघात सामील झाल्या. ३२ वर्षांच्या वयात, कारकिर्दीच्या शेवटी, त्या प्रथमच पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धेत उतरल्या आणि पहिल्याच हंगामात तेथील सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरल्या. हे वेतन वीस वर्षे आधी मिळाले असते तर त्यांच्या पिढीतील किती जणी आणखी खेळल्या असत्या, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ही साखळी स्पर्धाही फार काळ टिकली नाही. खर्चाचा मेळ न बसल्याने सप्टेंबर २००३ मध्ये ती बंद पडली.

त्याच २००१ च्या उन्हाळ्यात युरोपीय स्पर्धा जर्मनीत झाली. ७ जुलै रोजी उल्म येथे भर पावसात स्वीडनविरुद्ध अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाही. तेव्हाच्या नियमानुसार जादा वेळेत जो प्रथम गोल करील तो विजयी ठरे. अशा वेळी बचावपटूच्या एका चुकीला क्षमा नसते. भरपाई करण्यास वेळच उरत नाही. ९८ व्या मिनिटाला क्लाउडिया म्युलर यांनी गोल केला आणि सामना तेथेच संपला. फिट्शेन यांचे हे चौथे युरोपीय विजेतेपद, आणि जर्मनीसाठी खेळलेला हा शेवटचा सामना. दोन वर्षांनी जर्मनीने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघात नव्हत्या.

येथवरची हकीकत मैदानावरची झाली. पण हे भाषण येथे थांबविले तर ते अपुरे राहील. २००९ मध्ये महासंघाने महिला राष्ट्रीय संघासाठी व्यवस्थापक हे पद नव्याने निर्माण केले आणि त्यावर फिट्शेन यांची नेमणूक केली. मुख्य प्रशिक्षक होत्या सिल्विया नाइड. जीगेनच्या मैदानावर एकत्र खेळलेल्या दोघी आता एकीने संघ घडवायचा आणि दुसरीने त्यामागची व्यवस्था पाहायची, अशा नात्याने काम करू लागल्या. व्यवस्थापकाचे काम लिबेरोच्या कामाहून फारसे निराळे नसते. प्रवास, निवास, सरावाची मैदाने, वृत्तपत्रांशी व्यवहार, पुरस्कर्त्यांशी बोलणी, खेळाडूंची गाऱ्हाणी : पुढे असलेल्यांपर्यंत अडचण पोहोचण्यापूर्वी मागच्या मागे ती निवारायची. २०११ ची विश्वचषक स्पर्धा जर्मनीत झाली तेव्हा मोठी अपेक्षा होती. परंतु वोल्फ्सबुर्ग येथे, म्हणजे फिट्शेन यांच्या जुन्याच गावी, जपानने जादा वेळेत १-० असा धक्का दिला. पुढे जपाननेच ती स्पर्धा जिंकली. २०१३ मध्ये मात्र जर्मनी पुन्हा युरोपीय विजेता ठरला. अंतिम सामन्यात नॉर्वेला मिळालेल्या दोन्ही पेनल्टी गोलरक्षक नादिने आंगेरर यांनी अडविल्या. २०१६ मध्ये फिट्शेन यांनी हे पद सोडले. त्याच वर्षी जर्मनीच्या महिलांनी रिओ दी जानेरो येथे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले.

त्यानंतर महासंघाने महिलांच्या सहभागासाठी २०२७ पर्यंतची एक योजना आखली. खेळाडू मुलींची संख्या वाढविणे, तसेच प्रशिक्षक, पंच, कार्यकर्त्या आणि पदाधिकारी या नात्यानेही स्त्रियांना खेळात आणणे, हे तिचे उद्दिष्ट. या योजनेच्या समन्वयाचे काम फिट्शेन यांच्याकडे आले. १९५५ च्या ठरावाशी हे ताडून पाहावे. तेव्हा पंचांना महिलांच्या सामन्यात जाण्यास मनाई होती. आता महिलाच पंच व्हाव्यात म्हणून त्याच संस्थेने एक अधिकारी नेमली होती. कागद दोन्ही वेळेस एकाच कार्यालयातून निघाला.

आपल्या भागातील अनेकांनी जर्मनीच्या या नव्या पिढीला प्रत्यक्ष पाहिले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा जर्मनीच्या मुली गोव्यातील फातोर्डा येथे आणि नवी मुंबईत खेळल्या. उपांत्य सामना त्या फातोर्ड्याला स्पेनविरुद्ध हरल्या आणि नवी मुंबईत तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरियाशी झालेला सामना पेनल्टी फटक्यांवर गमावून परत गेल्या. हलका चेंडू, कमी वेळ आणि बंद मैदाने हे सारे या मुलींच्या जन्माच्या कितीतरी आधी संपले होते. त्यांच्यापैकी कित्येकींना कपबश्यांची कथा घरी किंवा क्लबात कोणीतरी सांगितलेली असेल.

डोरिस फिट्शेन यांचे १५ मार्च २०२५ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, आजारपणानंतर निधन झाले. त्या योजनेच्या मुदतीची आणखी दोन वर्षे तेव्हा बाकी होती.